अठरा नंबरची पेटी

जमिनीखालून वर आलेला दगड हातात आला, की ताराचंद पौनीकर तो आधी पाण्याने धुवायचा, मग अंगठ्याने पुसायचा, कोणतं तोंड वरचं आणि कोणतं खालचं हे ओळखायचा आणि मगच पेटीत ठेवायचा. अठ्ठावीस वर्षं तो हेच काम करत आला होता.

नागपूरच्या एका खासगी कंपनीत तो नोकरीला होता. कुठे कोळशाची खाण काढायचं ठरलं, की आधी जागोजागी बोअर मारून जमिनीच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं. ते बघून अहवाल द्यायचं काम ही कंपनी घ्यायची. मशीनचा पोकळ पाइप फिरत फिरत खाली जातो आणि दगडाची कांडी पोटात घेऊन वर येतो. उसाच्या पेरांसारखी तुकड्या-तुकड्यांची ती कांडी, तिला सगळे कोअर म्हणतात. ती पत्र्याच्या लांब पेटीत, एकेक मीटरच्या पाच खणांत, ज्या क्रमाने वर आली त्याच क्रमाने लावायची. वहीतल्या ओळींसारखी, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. नंतर भूवैज्ञानिक येऊन ती वाचतात. कोळसा किती खोल लागला, किती जाड आहे, मध्ये दगड किती आहे, सगळं त्या पेटीवरून लिहिलं जातं. लावणाऱ्याने क्रम चुकवला तर पुढचे सगळे चुकले.

ताराचंदचा क्रम चुकत नसे. नवीन आलेल्या पोरांना साहेब लोक सांगत, 'पौनीकरांनी लावलेली पेटी डोळे मिटून वाचा.' हे ताराचंदला ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. तो बोलून दाखवत नसे एवढंच.

तो मूळचा उमरेडचा, कोष्ट्याच्या घरातला. बाप हातमागावर करवतकाठी साड्या विणायचा. बापाचा हात चांगला होता, पण कधी घाईत धागा चुकला, तर साडीची घडी तो अशी घालायचा की खोट आत जावी. एकदा नागपूरच्या इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्याने चार गिऱ्हाइकांसमोर ती घडी उलगडली. ताराचंद तेव्हा दहा वर्षांचा होता आणि बापाचं बोट धरून तिथेच उभा होता. व्यापारी ओरडला नाही, नुसता हसला. उमरेडपर्यंतच्या बसमध्ये बाप ती साडी मांडीवर घट्ट धरून बसला. पुढे मागच बंद पडला आणि घरातले सगळे चार दिशांना कामाला लागले. ताराचंदने थोडे दिवस हमाली केली, थोडे दिवस विटांच्या भट्टीवर काढले, आणि मग एका बोअरच्या मशीनवर पाणी भरायला लागला तो याच धंद्यात राहिला. भिवापूरच्या भागीरथाशी लग्न झालं, मुलगी झाली, रोशनी. ती आता कळमेश्वरला सासरी नांदत होती. हुडकेश्वरला कंपनीची शेड झाली तेव्हा ताराचंदनेही तिथून पायी जाण्याच्या अंतरावर दोन खोल्या बांधल्या.

त्या जानेवारीत कंपनीचं काम उमरेड आणि भिवापूरच्या मधल्या पट्ट्यात, पिंपळखुटी नावाच्या गावाच्या शिवारात चाललं होतं. तिथे खाण होणार असं बोललं जात होतं. होणार की नाही आणि झाली तर कुठून सुरू होणार, हे बोअरवर ठरायचं होतं. एकूण सोळा बोअर. अकरावा यमुताईच्या मिरचीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडला.

यमुताई सत्तरीच्या घरातली बाई, काटक आणि तोंडाची मोकळी. मशीनला पाणी तिच्याच विहिरीचं लागायचं. दुपारी ती कामगारांना अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर आणून द्यायची आणि लावलेल्या पेटीपाशी उकिडवी बसून बघत राहायची.

"हे सारं माह्या वावराच्या खाली हाय?" तिने एकदा विचारलं.

"हो, माय. हा वरचा मातकट, हा वाळूचा दगड. कोळसा आजून खाली असंन."

"अन् कोळसा निंगाला तं मंग आमी कुठी जावं गा?"

ताराचंदने हातातला दगड पुसला. "ते मले नाही समजत. मी फक्त पेटी भरतो."

कोळसा लागला पंच्याऐंशी मीटरवर. ज्या पेटीत तो आला ती अठरा नंबरची. त्या दिवशी चारुशीला मॅडम, म्हणजे कंपनीच्या भूवैज्ञानिक चारुशीला पोतनीस, दुसऱ्या मशीनवर होत्या. मॅडम नागपूरच्या महाल भागातल्या. घरात तीन-चार पिढ्या कारकुनी आणि वकिलीच्या, आणि ही मुलगी उन्हातान्हात दगड फोडत हिंडते याचं त्यांच्या आईला अजून नवल वाटे. त्या परवा येऊन पेटी बघणार होत्या. तोवर भरलेल्या पेट्या पिकअप गाडीत चढवून गावातल्या भाड्याच्या खोलीत ठेवायच्या, असा नेम होता.

दुपारची वेळ. पोरं जेवायला विहिरीकडे गेली होती. गाडीवाल्याला घाई होती, तो हॉर्न वाजवत होता. भरलेली पेटी तीस किलोच्या आसपास जाते, ती दोघांनी उचलायची असते. ताराचंदने एकट्याने उचलली. दहा पावलं नीट गेली. अकराव्याला ओल्या सरीत पाय गेला, गुडघा वाकला आणि पेटी एका अंगावर पालथी झाली.

आधी त्याने इकडे-तिकडे बघितलं. कोणी बघितलेलं नव्हतं. गाडीवाला आरशात केस नीट करत होता.

मग तो खाली बसून तुकडे गोळा करायला लागला. सगळ्यात वरच्या ओळीतले तुकडे पेटीतच राहिले होते, तळचा वाळूचा दगडही ओळखू येत होता. पण मधला कोळसा सगळा सरीत सांडला होता. दगडाचे तुकडे मोडल्या जागी एकमेकांत बसतात, कोळसा तसा बसत नाही, त्याचा चुरा होतो. कोळशाबरोबर एक काळा, पाटीसारखा दगड होता, साधारण दोन हात. तो कोळशाच्या मध्ये होता की खाली? सकाळी पाइपातून काढताना ताराचंदनेच तो लावला होता. पण सकाळपासून त्याने चाळीस तुकडे लावले होते आणि आता डोक्यात सगळं एकात एक मिसळलं होतं. कोळशाखाली असा काळा दगड नेहमीच असतो. त्याने सगळा कोळसा एकत्र लावला आणि काळा दगड त्याच्या खाली लावला. एक तुकडा मात्र कुठे बसेना. काळ्या दगडाचाच होता, पण त्याच्या खालच्या तोंडाला कोळसा चिकटलेला होता. तो त्याने ओळीच्या शेवटी सरकवला, चुरा ओंजळीने भरला, चिखल धुतला आणि पेटी गाडीत चढवली.

बोअरमध्ये नंतर एक तारेचं यंत्र सोडतात. खाली कोळसा कुठे आणि दगड कुठे हे ते पेटीशिवायही सांगतं. त्याने चूक धरली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोअर पन्नास मीटरवर ढासळलेला निघाला आणि यंत्र खाली गेलंच नाही. तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या, त्यांनी पेटीचा फोटो काढला, टेप लावला आणि वहीत लिहून घेतलं.

"साडेतीन मीटर सलग! ताराचंदभाऊ, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला बोअर." त्या खूश झाल्या होत्या.

ताराचंद म्हणाला, "हो, मॅडम." तेवढंच.

मार्च सरला. बोअर संपले, पेट्या हुडकेश्वरच्या शेडमध्ये आल्या, कोळसा पिशव्यांत भरून तपासणीला गेला. ताराचंदने स्वतःला बरंच समजावून ठेवलं होतं. कदाचित बरोबरच लागलं असेल. आपला हात इतक्या वर्षांचा आहे, डोकं विसरलं तरी हात विसरत नाही. काही दिवस त्याला हे पटायचं. मग दुसऱ्याच कामात असताना तो कोळसा चिकटलेला तुकडा आठवायचा. तो दगड जर कोळशाच्या खाली होता, तर त्याच्या खालच्या तोंडाला कोळसा आला कुठून?

एप्रिलमध्ये एक दिवस मॅडमनी दहा, अकरा आणि बारा नंबरच्या बोअरच्या पेट्या शेजारी-शेजारी मांडायला सांगितल्या. शेडच्या भिंतीवर त्यांनी मोठा कागद लावला होता. तिन्ही बोअर उभे काढून कोळसा काळ्या रंगाने भरला होता. दहामध्ये कोळशाच्या मधोमध दगडाची पट्टी होती. बारामध्येही होती. अकरामध्ये नव्हती.

"हे बघा ना," मॅडम म्हणाल्या. "दोन्हीकडे दगड आहे आणि मध्ये गायब. असं होतं कधीकधी, थर एकत्र येतात. पण मला जरा चमत्कारिक वाटतं. पेटी लावताना काही वेगळं जाणवलं होतं का?"

"नाही, मॅडम."

"नक्की?"

"नक्की."

कागदावर अकरा नंबरभोवती लाल पेन्सिलने एक चौकोन काढलेला होता. ताराचंदला नकाशा थोडाफार कळायचा. विहिरीची खूण त्याने ओळखली. "हे लाल काय आहे?"

"खाण इथून उघडायची, असं अहवालात जाणार आहे. सगळ्यात स्वच्छ, जाड कोळसा इथंच आहे ना. पहिला खड्डा इथं."

त्या दिवसापासून ताराचंदचं जेवणावरचं मन उडालं. भागीरथाने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवून ती समोरच बसली.

"काय झालं जी? पोट दुखते का?"

"नाही वं."

"मंग काहून असे बसून राह्यले? कामावरून काढून टाकलं का?"

"आजून नाही काढलं," असं म्हणत ताराचंदने तिला सगळं सांगितलं. पेटी, सरी, हॉर्न, तो तुकडा, लाल चौकोन. सांगताना त्याचा आवाज चढला नाही, फक्त चहा तसाच निवत राहिला.

भागीरथाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पडली तं पडली. पडते माणसाच्या हातून. पण मॅडमनं विचारलं तवा काहून नाही सांगतलं?"

ताराचंदने कप बाजूला सारला. "सारे म्हणतात, पौनीकरची पेटी डोळे मिटून वाचा. मले वाटलं, एकदा सांगतलं का मंग कोणी डोळे मिटणार नाही."

"तं उघडे ठेवतीन डोळे. त्यात काय बिघडते?" भागीरथा उठली. "आता नवा चहा ठेवतो. पिऊन जा अन् सांगून या."

रस्त्यात त्याला बापाची आठवण आली. आज कितीतरी वर्षांनी त्याला बापाचा राग आला नाही. घडी घालताना त्या माणसाचे हात कसे चालत असतील, हे आता त्याला कळत होतं.

मॅडम शेडमध्ये एकट्याच होत्या, लॅपटॉप उघडून बसलेल्या. ताराचंद दाराशी उभा राहिला.

"मॅडम, अकराव्या बोअरचं सांगायचं होतं. अठरा नंबरची पेटी. ते माह्या हातून पडली होती."

"पडली म्हणजे? कधी?"

"जानेवारीत. तुमी यायच्या आदी. मधला सारा माल सांडला. मीच परत लावला, अंदाजानं. काळा दगड कोळशाच्या मधात असंन, मी तो खाली लावला."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अंदाजानं," त्या म्हणाल्या. शेडच्या पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज येत होता. "मी तुम्हाला विचारलं होतं, ताराचंदभाऊ. याच जागी उभं राहून विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही 'नक्की' म्हणालात."

"हो, मॅडम."

त्या उठून बाहेर गेल्या. बाहेर कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. ताराचंदला वाटलं, आता त्या फोन करतील आणि आपण घरी जायचं. पण दहा मिनिटांनी त्या परत आल्या. डोळे लाल होते, रागाने की उन्हाने ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पेटी उघडायला लावली.

"कोळसा तर तपासणीत गेला. दगड आहे अजून. दाखवा मला, काय आठवतं ते."

ताराचंदने तो तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. मॅडमनी तो उलटा-सुलटा करून बघितला. भिंगातून बघितला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "हा मी बघितला होता. ओळीच्या शेवटी होता, म्हणून मला वाटलं, कोळसा घासून लागला असेल. मीही पुरतं बघितलं नाही." एवढं बोलून त्यांनी तुकडा खाली ठेवला. "पण यावरून मी काही लिहू शकत नाही. एकदा अंदाज झाला, आता दुसरा नको. सरांना सांगावं लागेल. चला."

सर म्हणजे मुकुंद बक्षी, कंपनीचे मालक. त्यांचं ऑफिस रामदासपेठेत होतं. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं. अहवालाचा मसुदा पुढे गेलेला होता. तो परत मागवायचा म्हणजे ज्यांच्यासाठी काम केलं त्या लोकांपुढे मान खाली घालायची. मुकुंदसर फार मोठ्याने बोलणारे नव्हते, त्या दिवशीही बोलले नाहीत.

"ताराचंद, एक सांग. तू बोलला नसतास, तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालेच नाही, सर."

"मग काहून बोललास?"

"पहिला खड्डा तिथंच होऊन राहिला होता, सर. कोळशाच्या जागी दगड निंगाला असता, तं मॅडमचं नाव खराब झालं असतं. कागदावर सही त्यायची हाय. माह्यी सही कुठीच नाही."

मुकुंदसरांनी मसुद्याची प्रत पुढे ओढली आणि अकरा नंबरचं पान काढलं. शेवटी म्हणाले, "शेजारी नवीन बोअर मारा. अकराला चिकटून, चार मीटरवर. पण समज, तिथं पुन्हा सलग कोळसाच लागला, तर हा सगळा उपद्व्याप फुकट. हे दोघंही लक्षात ठेवा."

त्या महिन्यात ताराचंदला शेडचा सुपरवायझर करायचं आधीपासून ठरलं होतं. ती जागा रजतला मिळाली. रजत तिशीतला, हुशार, आणि ताराचंदच्याच हाताखाली तयार झालेला. तो येऊन म्हणाला, "काका, मी सरांना नाही म्हणून सांगतो." ताराचंदने त्याला गप्प केलं. कंपनीने एक पत्रही दिलं, ताकीद म्हणून. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या नावाने निघालेलं ते पहिलंच पत्र. ते त्याने दोनदा वाचलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिलं.

मे महिन्याच्या उन्हात मशीन पुन्हा पिंपळखुटीला गेली. वावरं उघडी पडली होती. मिरची केव्हाच निघून गेली होती. जमिनीवरून झळा उठत होत्या आणि दुपारी बारा ते चार काम बंद ठेवावं लागत होतं. यमुताई तिच्या भावाकडे गेली होती, त्या आठवड्यात भेटली नाही. विहिरीवर सुनेने, लतिकाने, मोटर लावून दिली आणि परत मशीन कशाला आली, असं दोनदा विचारलं. कोणी नीट उत्तर दिलं नाही.

कोळसा जवळ आला त्या सकाळी चारुशीला मॅडम स्वतः मशीनवर होत्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात टेप. महिनाभर त्या ताराचंदशी कामापुरतंच बोलत होत्या.

"आज रजत लावंन पेटी," ताराचंद म्हणाला. "मी बाजूले उभा राहतो."

"का?"

"मंग काही बी निंगालं तरी कोणी म्हणणार नाही का पौनीकरनं लावलं म्हणून असं आलं."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. "नाही. तुम्हीच लावा. प्रत्येक तुकडा ठेवला की मी फोटो काढते. त्याच्याशिवाय पुढचा ठेवायचा नाही."

पाइप वर आला. ड्रिलरने हातोडीने हलके ठोके दिले आणि काळी, ओली कांडी पत्र्याच्या नळीत सरकली. ताराचंदने पहिला तुकडा धुतला, पुसला, ठेवला. मॅडमनी फोटो काढला. दुसरा. तिसरा. सगळा कोळसा. एक मीटर गेला, दीड मीटर गेला. पंधरा, वीस तुकडे झाले तरी कोळसाच. चकाकणारा, हाताला हलका. ताराचंदच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण त्याने तो पुसला नाही, कारण हात काळे होते. रजत मागे उभा राहून मनात मोजत होता. मुकुंदसर जे म्हणाले होते ते कोणीच बोलून दाखवत नव्हतं.

एक मीटर नव्वदवर एक तुकडा हातात आला आणि ताराचंदला तो बघायच्या आधी वजनावरून कळला. जड होता. धुतल्यावर पाटीसारखा काळा-करडा दगड निघाला, वरच्या तोंडाला कोळशाची कड. त्याच्या खाली आणखी दगड. मग आणखी. आणि मग पुन्हा हलका, चकाकणारा कोळसा.

मॅडमनी टेप लावला. "नव्वद सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. पुन्हा मोजलं. "ब्याण्णव धरा." मग वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर वही मिटली आणि पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

ताराचंद पाणी प्यायला. त्याला बरं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याने फुकट बोभाटा केला नव्हता. आणि जानेवारीत तो खरोखरच चुकला होता. आता त्यात कसलीच शंका उरली नव्हती.

पेटी या वेळी चौघांनी मिळून गाडीत नेली. एकाने उचलली असती तरी चाललं असतं, असं गाडीवाला म्हणाला. कोणी हसलं नाही.

जूनमध्ये अहवाल नव्याने लिहिला गेला. लाल चौकोन तिथून निघाला आणि पश्चिमेला, गावापासून लांबच्या झुडपी माळाकडे सरकला. तिथे कोळसा थोडा कमी जाड होता, पण जमिनीच्या जवळ होता आणि मध्ये दगड नव्हता. पिंपळखुटीच्या वावरांचं काय, तर कोळसा तिथेही होता, फक्त दगडासकट. खाण झालीच तर त्या बाजूला ती कधी पोचेल, वीस वर्षांनी की कधीच नाही, हे कोणाला सांगता येत नव्हतं. कंपनीत एक नवा नियम झाला. पेटी भरली की ती जागेवरून हलवायच्या आधी फोटो काढायचा. फोटो काढायचं काम ताराचंदकडे आलं. मोबाईलचा कॅमेरा नीट धरायला त्याला रजतनेच शिकवलं. मॅडम हळूहळू पूर्वीसारख्या बोलू लागल्या. एक बदल मात्र राहिला. पेटी वाचताना त्या आता दर ओळीला थांबून विचारत, "ही अशीच आली होती ना?" पहिल्यांदा त्याने उत्तर द्यायच्या आधी पेटी पुन्हा बघितली. पुढे सवय झाली. मग तर त्याला वाटायला लागलं, की हे पहिल्यापासूनच असं विचारायला हवं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत भागीरथाला वर्षाचं तिखट करायचं होतं. माहेर भिवापूरचं असल्यामुळे तिला तिकडच्याशिवाय दुसरी मिरची चालत नसे. ताराचंद म्हणाला, "यंदा पिंपळखुटीहून आणू."

यमुताईच्या अंगणापलीकडे मोकळ्या जागेवर मिरची वाळत पसरली होती, बघावं तिकडे लाल. सात-आठ बाया ओळीने बसून देठ खुडत होत्या. यमुताईने त्याला लगेच ओळखलं.

"ये गा पेटीवाल्या. हे कोण, मालकीण का?"

चहा झाला. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. मग यमुताईने विचारलं, "खाण तिकडं माळाकडं सरकली म्हणतात. पह्यले तं माह्याच विहिरीपाशी होणार होती. काहून सरकली?"

भागीरथाने नवऱ्याकडे बघितलं. ताराचंदने बशी खाली ठेवली. "पह्यल्या बारीले मोजण्यात चूक झाली होती, माय. माह्याच हातून. तुह्या सरीत माह्या हातून पेटी पडली होती अन् मी ते चुकीची लावली होती. मंग परत येऊन मोजलं."

यमुताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला खालच्या दगडाचं काही कळलं नसावं, पण बाकीचं कळलं. "म्हणजे तू पडला नसता तं हे सारं झालंच नसतं."

"हो."

"अन् बोलला नसता तं आमी उठलो असतो."

"तसंच म्हणा."

"लतिका तुह्यावर नाराज होईन, तिले नको सांगू," यमुताई आवाज खाली करून म्हणाली. "खाण इथं आली असती तं नवऱ्याले नोकरी लागली असती, असं तिचं म्हणणं. रोज बोलते. तिचं बी खोटं नाही. मले इचारशीन तं मी इथंच बरी. पण माह्ये किती दिवस राह्यले? घर तं तिले चालवायचं हाय."

आपण बरोबर केलं म्हणून कोणीतरी पाठ थोपटावी, असं ताराचंदला मनातून कुठेतरी वाटत होतं. ते झालं नाही. पण यमुताईने त्याच्यासमोर हे इतकं सरळ बोलून दाखवलं, याचंच त्याला बरं वाटलं.

"मिरची देठासकट नेता का खुडून?" यमुताईने भागीरथाला विचारलं. "खुडून पायजे असंन तं बसा लागंन. बाया आज कमी हायेत."

"बसतो ना," असं म्हणत भागीरथा पदर खोचून ओळीत जाऊन बसली. ताराचंदही तिच्या शेजारी बसला. बाया हसल्या. पुरुषमाणूस देठ खुडायला बसलेला त्यांनी बघितला नव्हता. त्याने पहिली मिरची उचलली, अंगठ्याने देठ मोडला आणि टोपलीत टाकली. थोड्या वेळात बोटांची आग व्हायला लागली.

"डोळ्याले हात लावू नका जी," भागीरथा म्हणाली.

"नाही लावत."

चारची बस गेली. पुढची साडेपाचला होती. तोवर टोपली भरायला हरकत नव्हती.